भिवंडीच्या अक्षांशावर

उष्ण कटिबंधात राहायचे पैसे पडतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं. डोंबिवलीत आम्ही तो जन्मभर फुकट उपभोगला. घाम, दमटपणा, सादळलेले पापड, कपाटात बुरशी धरलेल्या चपला, सगळं मोफत. अटलांटाला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी मात्र त्याच हवामानाचं पॅकेज घेतलं होतं, माणशी डॉलरांत, आणि टिप वेगळी.

"आई, ट्रॉपिकल क्रूझ आहे. मायामीहून सुटायचं, ग्रँड केमन, जमैका आणि परत मायामी."

मी शाळेत भूगोल शिकवायचे. नोकरी सुटली, सवय सुटत नाही. "अरे, मायामी २५.८ अंश उत्तर. कर्कवृत्त साडेतेवीसवर. म्हणजे तुझी ट्रॉपिकल क्रूझ सुटते तीच उष्ण कटिबंधाच्या बाहेरून! आणि अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. आम्ही आतली माणसं विमानानं बाहेर आलोय, ती आता बोटीनं पुन्हा आत जायचं?"

"आई, प्लीज."

सूनबाई हळूच म्हणाली, "आई, तिथलं पाणी निळं असतं हो." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या खाडीचं पाणी फक्त नकाशात निळं असतं.

तरी त्या रात्री मी नकाशा काढून बसलेच. ग्रँड केमनचं मुख्य शहर जॉर्जटाउन, १९.३ अंश उत्तर. बोट तशीच पूर्वेकडे सरकवत आणली तर ती भिवंडीवर येऊन थांबते. ही बातमी मी आमच्या ह्यांना सांगितली. हे निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "भिवंडीला शेअर रिक्षानं गेलो असतो."

वर महिना मे. मे महिन्यात घर सोडायचं म्हणजे काय, ते ज्याचं माहेर गुहागर आहे त्यालाच कळेल. भावाकडून पेट्या यायच्या दिवसांत आम्ही मायामीच्या बंदरावर रांगेत उभे होतो.

बोट कसली, उभं केलेलं गृहसंकुलच ते. चिरंजीवांनी स्वतःसाठी बाल्कनीची खोली घेतली होती, कारण बाळाला हवा लागते. आम्हाला 'इनसाइड', कारण आम्हाला काय लागतंय! खोलीत छान पडदा होता. मी हौसेनं तो सरकवला. मागे भिंत. दिवा घालवला की सकाळ, दुपार, रात्र सगळं सारखंच. न्हाणीघरात दोन बाजू वळायच्या असतील तर आधी कोणती हे ठरवून आत जावं लागे, आणि पाणी सोडलं की तो प्लॅस्टिकचा पडदा असा अंगाला बिलगायचा की हे आतून ओरडायचे, "अगं, कोण आहे?"

निघण्याआधी सगळ्यांना संकटाची तालीम. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा, की आपापल्या ठिकाणी जमायचं. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यानंतर १९१४ साली जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, हे सगळं मी नातवाला समजावत होते. नातू साडेतीन वर्षांचा. त्याला फक्त बोट बुडते एवढंच कळलं आणि त्यानं भोकाड पसरलं. आजूबाजूची मंडळी माझ्याकडे बघू लागली. तेवढ्यात ह्यांनी गणवेशातल्या मुलाला विचारलं, की त्या केशरी होडीत संडास आहे का. तो मुलगा हसला. हे हसले नव्हते.

जेवणाबद्दल सांगायचं तर ह्यांचा हिशेब आधी सांगावा लागेल. तिकिटाचे पैसे गेलेलेच आहेत. ते जेवणांच्या संख्येनं भागायचे. जेवणं जितकी जास्त, तितकं दर जेवण स्वस्त. या तत्त्वावर हे सकाळी सहाची कॉफी, साडेसातचा नाश्ता, दहाचा 'उशिराचा' नाश्ता, जेवण, चारचा चहा-केक, रात्रीचं जेवण आणि मध्यरात्रीचा पिझ्झा असे हप्ते न चुकता भरत होते. बुफेच्या दारात एक मुलगी नाचत-गात प्रत्येकाच्या तळव्यावर सॅनिटायझर टाकायची. हे इतक्यांदा जायचे की शेवटी ती ह्यांना बघूनच गाणं सुरू करी.

आम्ही शाकाहारी. तिथल्या शाकाहाराची व्याख्या म्हणजे इतरांच्या ताटातून मासा उचलला की उरतं ते. मी निमूटपणे उकडलेली ब्रोकोली चघळत होते, तेव्हा वाढणाऱ्या मुलाच्या छातीवरचा बिल्ला दिसला. तिथे सगळ्यांच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहितात. भारत! मी मराठीत विचारलं, "कुठला रे तू?"

"सावंतवाडी, काकू. तुमी?"

"डोंबिवली."

"माझी मावशी थंयच रवता, मानपाड्याक!"

गोव्याची आणि तळकोकणची पोरं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जातात, हे माहीत होतं. पण जमैकाच्या वाटेवर मानपाड्याची मावशी भेटेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या रात्री त्यानं खालच्या भटारखान्यातून झाकलेला वाडगा आणला. वरण. हिंग घातलेलं. त्या बोटीवर लॉबस्टर होता, सोन्याच्या रंगाचे जिने होते, बर्फातून कोरलेला हंस होता. पण मी डोळे पुसले ते वरणापाशी. सहा-आठ महिने घर सोडून आलेलं पोर मला म्हणतं, "काकू, पोटभर जेवा." लाज वाटली. मी सकाळपासून पडद्याबद्दल तक्रार करत होते.

पहिल्याच संध्याकाळी मी स्वागतकक्षात जाऊन विचारलं होतं, की कर्कवृत्त आपण किती वाजता ओलांडणार? मुलीनं कार्यक्रमपत्रिका वरून खालपर्यंत वाचली, सहकाऱ्याला विचारलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं की तो कार्यक्रम या फेरीत नाही, पण बिंगो आहे. मग मीच खोलीतल्या टीव्हीवर नकाशाचं चॅनल लावून बसले. त्यावर बोटीचे अक्षांश-रेखांश सतत दाखवतात. माझ्या मते पूर्ण बोटीवरचा तोच एक बघण्यासारखा कार्यक्रम. पहाटे फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत आकडा साडेतेवीसच्या जवळ आला तशी मी शाल घेऊन डेकवर धावले. आयुष्यभर फळ्यावर तुटक रेघेनं काढलेलं कर्कवृत्त! हे मागून डोळे चोळत आले. दोघांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. काळोख आणि पाणी.

"काही दिसतंय का?" हे म्हणाले.

"नाही."

"मग चल, कॉफी सुरू झाली असेल."

समुद्रातल्या दिवशी करायचं काय, तर उन्हात पडायचं. पोहण्याच्या तलावाभोवती शेकडो खुर्च्या, आणि पहाटेच त्यांच्यावर टॉवेल. माणूस नाही, नुसता टॉवेल, त्यावर एक चप्पल किंवा उघडलेलं पुस्तक. आमच्या लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्याचंच हे श्रीमंत भावंड. हे तर अस्सल सकाळच्या जलद लोकलचे प्रवासी. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दोन टॉवेल आणि चौथ्या मजल्यावरून आणलेलं एक संत्रं ठेवून सावलीतल्या खुर्च्या पटकावल्या. सावलीला तिथे कोणी वाली नव्हता हे नंतर लक्षात आलं. बाकी सगळे उन्हासाठी भांडत होते. तेल लावून, पालथे पडून, मग उताणे होऊन, दोन्ही बाजू नीट भाजून घेत होते. मी पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस, ओढणी आणि छत्री अशी बसले होते. एका अमेरिकन बाईनं काळजीनं विचारलं, मला काही त्वचेचा आजार आहे का? इतक्यात पूर्वेकडून असा वारा आला की छत्री उलटी झाली. हेच ते व्यापारी वारे! शाळेत मी त्यांची दिशा बाणांनी दाखवायचे. बाणात एवढा जोर असतो हे पाठ्यपुस्तकात नाही.

केमनला मोठ्या बोटींना धक्का नाही. बोट लांब नांगरतात आणि छोट्या होड्यांतून माणसं काठावर सोडतात. पाणी खरोखर निळं होतं. इतकं निळं की मला सूनबाईकडे बघवेना. 'सेव्हन माईल बीच' प्रत्यक्षात सात मैल भरत नाही, हे मात्र मी तिला लगेच सांगून टाकलं.

त्या दिवशी मला एक काम होतं. मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य बरोबर या अक्षांशाच्या डोक्यावर येतो. आमच्याकडे शून्य सावली दिवस म्हणून शाळेतली मुलं मैदानात बाटल्या उभ्या करतात, तो याच सुमारास. म्हणून मी किनाऱ्यावर पाण्याची बाटली उभी केली आणि वाट बघत बसले. सावली आखडत आखडत बुडाखाली गेली. "बघा, बघा, भिवंडीलाही आज असंच!" मी ओरडले. पोहण्याच्या कपड्यांतले दोघंतिघं जमले, त्यांनी बाटलीचे फोटो काढले आणि ती रम आहे का असं विचारून गेले.

ह्यांना मात्र समुद्रात रस नव्हता, बाटलीतही नव्हता. त्यांना अगलंड हाउस बघायचं होतं. ही जॉर्जटाउनमधली पाच मजली इमारत, आणि हजारो कंपन्यांचा नोंदणीकृत पत्ता तीच. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाचं हे तीर्थक्षेत्र. भर उन्हात चालत गेलो. समोर उभे राहून हे कितीतरी वेळ मजले मोजत होते. "एवढ्यांचं केवायसी कोण करत असेल गं?" एवढंच म्हणाले.

परतताना ह्यांचं घड्याळ बंदरावरच्या घड्याळाशी जुळेना. बोट मायामीची वेळ पाळते, तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे. केमनला तसलं काही नाही. आपल्याला एक तास जास्त आहे की कमी, या प्रश्नावर आम्ही भर रस्त्यात भांडलो. ह्यांचं म्हणणं जास्त. मी रेखांश शिकवलेली बाई. मी धावत सुटले. शेवटच्याच्या आधीची होडी मिळाली.

जमैकात फालमथला उतरलो आणि मला घरी आल्यासारखं वाटू लागलं, ते का, हे कळायला थोडा वेळ लागला. माड होते. आंबे होते. रस्त्याकडेला निखाऱ्यावर अख्खा नीरफणस भाजत होते; आम्ही त्याचे काप करतो, एवढाच फरक. यातलं एकही झाड मूळचं तिथलं नाही. नारळ पोर्तुगीजांनी आपल्या बाजूच्या समुद्रातून नेला. नीरफणस कॅप्टन ब्लाय ताहितीहून आणत होता, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला. १७८९ साली खलाशांनी बंड करून त्यालाच होडीत बसवलं, तरी हा पठ्ठ्या पुन्हा गेला आणि १७९३ साली रोपं पोचवलीच. आंबा १७८२ साली इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावर सापडला. आणि १८४५ पासून वेठीच्या करारावर भारतातून माणसंही आली. पॅकेज कुणालाच नव्हतं.

बंदराच्या फाटकाबाहेर एक आजीबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. मी एका फळाकडे बोट दाखवलं.

"बॉम्बे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी कुठली ते विचारतायत. "हो, जवळच, डोंबिवली," मी म्हटलं. मग कळलं, आंब्याच्या जातीचंच नाव ते. हे पुढे सरसावले. दोन आंब्यांची किंमत डॉलरात ऐकली, तोंडातल्या तोंडात गुणाकार केला आणि पांढरे पडले. "अगं, यात गुहागरला डझन येतील!"

"गुहागर इथे कुठंय?" मी पर्स उघडली.

बोटीवर फळं न्यायला बंदी. तिथेच खावं लागणार. आजीबाईंनी आंब्याला मधोमध गोल चीर दिली, दोन्ही हातांनी पिळा दिला, आणि डबी उघडावी तशी फोड वेगळी झाली. एकही धागा नाही. आम्ही भिंतीला टेकून खाल्ले. हे काही बोलले नाहीत, पण जाऊन आणखी चार घेऊन आले, भाव न करता.

चव कशी होती ते मी इथे लिहिणार नाही. माझं लिहिलेलं सगळं माझा भाऊ वाचतो, आणि पुढच्या वर्षीच्या पेट्या अजून यायच्या आहेत.