ओलीस कुटुंबाचा सिनेमा म्हणजे ‘द डेस्परेट अवर्स’, बाकी सगळे नंतर

१९५५ चा ‘द डेस्परेट अवर्स’ परत बघितला आणि लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. विल्यम वायलरचा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, इंडियानापोलिसमधलं एक सुखवस्तू घर, त्यात जेलमधून पळालेले तिघं घुसतात. आणि घर कसं निवडतात, तर बाहेर लहान मुलाची सायकल पडलेली दिसते म्हणून! पोर असलेले आईबाप उगाच शूरपणा करणार नाहीत, सांगू ते ऐकतील, एवढा सरळ हिशोब.

हल्लीच्या थ्रिलरमधे सगळ्यांना खुर्चीला बांधतात, तोंडाला चिकटपट्टी, मग दोन तास नुसता आरडाओरडा. इथे उलट आहे. बाप, म्हणजे फ्रेडरिक मार्च, कोट-टाय घालून ऑफिसला जातो, मुलीलाही बाहेर सोडतात, फोन वाजला की नेहमीच्या आवाजात बोलायचं, कारण कोणाला जरा जरी संशय आला तरी संपलं सगळं. आणि तो बाप स्वतःच्या पायाने परत त्याच घरात येतो, यावंच लागतं त्याला, बायको आणि छोटा राल्फी आत आहेत ना. पोलिसांकडे जायला रस्ता मोकळा आहे आणि तरी जाता येत नाही, याच्याइतकी घुसमट मला दुसऱ्या कुठल्याच सस्पेन्समधे जाणवली नाही. कचरा न्यायला आलेला बिचारा माणूस, रोजचं काम करायला आलेला, गॅरेजमधे लपवलेली त्या तिघांची गाडी बघतो आणि जिवानिशी जातो.

याच गोष्टीवरून आपल्याकडे १९७४ मधे ‘३६ घंटे’ आला, राज कुमार आणि सुनील दत्तचा. १९९० मधे मायकल चिमिनोने मिकी रूर्कला घेऊन रीमेक केला, तो मला अजिबात झेपला नाही, सगळंच भडक.

आता शेवट सांगतोय, बघायचा असेल तर इथेच थांबा. पळालेल्या तिघांचा म्होरक्या ग्लेन, म्हणजे हम्फ्री बोगार्ट, राल्फीच्या डोक्याला पिस्तूल लावतो. त्यात गोळी नाही हे बापाला माहितीये, पोराला नाही. बाप म्हणतो पळ. त्या दोन क्षणांत मार्चचा चेहरा बघा, पोराने आपल्यावर विश्वास ठेवला नाही तर काय, ही भीती डोळ्यांत आहे आणि आवाज मात्र ठाम. पुढे बापाच्या हातात बंदूक असते तरी तो ग्लेनला मारत नाही, घरातून चालता हो म्हणतो, बस.

लोक बोगार्टसाठी हा पिक्चर लावतात, पोस्टरवर नावही त्याचंच आधी आहे, आणि ग्लेन त्याने जबरदस्तच केलाय, पण हा सिनेमा मार्चचा आहे, आणि हे मी बोगार्टचा कट्टर फॅन असून म्हणतोय.