पाणातिपाता आणि पाण्याचा ड्रम

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास आपल्याकडे डेंग्यूही सुरू होतो. त्यामुळे हा वाद दरवर्षी याच दिवसांत पेटतो. एक बाजू टोमणा मारते : सकाळी ‘पाणातिपाता वेरमणी’, म्हणजे जीवहत्या टाळण्याचं पहिलं शील, म्हणता आणि संध्याकाळी विहारात धूरफवारणी करून घेता, हे कसलं शील? दुसरी बाजू, म्हणजे आपलीच आंबेडकरी बौद्ध माणसं, तेवढ्याच तावातावानं उत्तर देतात : आपला धम्म विज्ञाननिष्ठ आहे, मुंग्या-माश्या मोजत बसणं आपलं काम नाही, डास दिसला की मारायचा, विषय संपला. टोक्योत बसून हे वाचताना मला टोमणा मारणाऱ्यांचा राग येतोच, पण आपल्या उत्तराचा जास्त येतो. त्यांना शील ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक असायला हवं.

वर्षावास मुळात सुरू झाला तो या बारीक जीवांमुळेच. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, कारण स्पष्ट दिलं आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरतात, हिरवं गवत तुडवतात, लहान लहान जीव चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. तेव्हा तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. भिक्खूच्या मोजक्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळायचं साधन आहे. जीव असलेलं पाणी जाणूनबुजून वापरणं हा दोष, आणि तसं पाणी गवतावर किंवा मातीवर ओतणं हाही दोष. हे खूळ आपलं नाही म्हणणाऱ्यांनी ज्या महिन्यांत ग्रंथवाचन चालतं, त्या महिन्यांचा उगम तरी वाचावा.

अहिराज सुत्त तर या वादावरचं उत्तरच आहे. साप, विंचू, गोम, कोळी, पाल, उंदीर अशी नावं घेऊन त्यात मैत्री दिली आहे. बिनपायांना, दोन पायांच्यांना, चार पायांच्यांना, अनेक पायांच्यांना. आणि शेवटी काय म्हटलं आहे? ‘कता मे रक्खा, कता मे परित्ता, पटिक्कमन्तु भूतानि.’ माझं रक्षण झालं आहे, आता या जीवांनी निघून जावं. घरात राहा असं कुणी म्हटलेलं नाही. रक्षण आधी, मारण्याचा प्रश्न नंतर.

अट्ठकथेत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत, हत्येची पाच अंगं मोजली आहेत : प्राणी असणं, तो जिवंत आहे हे ठाऊक असणं, मारण्याचा हेतू, त्यासाठी प्रयत्न आणि त्यातून मृत्यू. चालताना नकळत मुंगी पायाखाली आली तर हेतूच नाही. पण त्याच अट्ठकथेत स्वतःच्या हातानं मारणं आणि दुसऱ्याला सांगून मारवणं हे दोन्ही प्रयत्नच धरले आहेत. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केला म्हणून आपले हात मोकळे होत नाहीत. बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. तो फरक आपण सवलतीसारखा वापरतो. गरज होती हे म्हणायचा हक्क आधीचं काम केल्यावरच मिळतो.

आणि ते काम अवघड नाही, फक्त नेमानं करावं लागतं. मुंग्यांची रांग दिसली तर फवारू नका. रांग कुठून येते ते शोधा, ती वाट साबणाच्या पाण्यानं पुसा, म्हणजे वासाची खूण जाते, मग फट बुजवा. फवाऱ्यानं काही जातींचं वारूळ फुटून एकाची चार होतात. त्यामुळे इथं शील आणि व्यवहार एकच गोष्ट सांगतात. उंदराला अर्ध्या इंचाची फट पुरते, पिल्लाला त्याहून कमी. स्टीलचा काथ्या कोंबून वर सिमेंट. नुसतं सिमेंट ते कुरतडतात. पिंजरा लावून सकाळी बादलीत बुडवणं आणि चिकट पाटीवर दोन दिवस तडफडू देणं, हे दोन्ही मारण्याचे सर्वांत वाईट प्रकार आहेत. पाटीवरचा उंदीर दिसत नाही म्हणून तो मेल्याचं कुणाला वाटत नाही, एवढंच.

भिंतीवरच्या मोठ्या कोळ्यासाठी काचेचा ग्लास आणि जाड पोस्टकार्ड. ग्लास सावकाश टेकवायचा, कारण घाईत कडेखाली पाय सापडतो आणि तुटतो. कार्ड भिंतीला घासत सरकवायचं. इथल्या दक्षिणेकडच्या घरांत आढळणारा आशिदाका आणि आपल्या कोकणातल्या घरांतला तो लांब पायांचा कोळी एकाच जातीचे आहेत, आणि दोघंही झुरळं खातात. त्याला बाहेर काढायचीही गरज नाही.

डासांचं मात्र नीट समजून घ्यावं लागतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवते. कोरड्यात ती महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून ड्रम नुसता उपडा केला की लोकांना वाटतं झालं, आणि पुन्हा पाणी भरलं की आठ-दहा दिवसांत डास हजर. कोरडा दिवस पाळायचा तर आतली कड काथ्यानं घासली पाहिजे. अंडी घासून काढणं हीसुद्धा हत्याच, असं कुणी म्हणेल. त्यावर उत्तर आधीच्या पायरीवर आहे : झाकण. अंडी घालायला जागाच मिळाली नाही तर प्रश्न उरत नाही. गप्पी मासे सोडणं म्हणजे तेच काम माशाला सांगणं आहे. ते चूक म्हणत नाही, पण डोळे उघडे ठेवून सांगावं.

खिडकीची जाळीही लोक लावतात आणि डास येतातच. जाळी १८ मेशची, म्हणजे इंचाला अठरा भोकांची, पुरते, गळती असते ती चौकटीत. इथलं अमिदो, म्हणजे सरकती जाळी, आतून पाहताना उजवीकडेच हवं. ते डावीकडे ओढून खिडकी अर्धी उघडली की दोन चौकटींमध्ये बोटभर फट राहते. आपल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत ब्रशाची पट्टी झिजली की हेच होतं.

आता ढेकूण. त्यांना ग्लास-पोस्टकार्ड चालत नाही. गादी आणि कपडे पन्नास अंशांच्या वर तापवावे लागतात आणि ते मरतात. वाळवी घराच्या पायामध्ये शिरली तर तेच. इथं बाबासाहेबांची ‘गरज’ खरी ठरते. मग करा, आणि केलं म्हणा. कोयासान या शिंगोन पंथाच्या पवित्र डोंगरावर, ओकुनोइन दफनभूमीत एक दगड आहे, त्यावर वाळवीला उद्देशून ‘शांत झोप’ असं कोरलं आहे. तो उभारला वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यांच्या संघटनेनं. टोक्योत उएनोच्या कानेइजी मंदिरात १८२१चा किड्यांचा दगड आहे, चित्रांसाठी ज्या किड्यांचे जीव गेले त्यांच्यासाठी. आणि याच वाकायामात, जिथं कोयासान आहे, मच्छर अगरबत्तीही जन्मली. मला यात विसंगती दिसत नाही. मारलं, आणि मारलं हे लपवलं नाही.

२०१४ मध्ये टोक्योच्या योयोगी पार्कमधून डेंग्यू पसरला, दीडशेहून अधिक रुग्ण झाले, फवारणी झाली. बौद्ध देश, पण पंचशीलावरून कुणी कुणाला टोचल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आपल्याकडे हा प्रश्न फक्त आपल्यालाच विचारतात, आणि ज्या वस्तीत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं तिथं विचारतात. तिथं ड्रम भरून ठेवणं ही निवड नाही.

हे लिहिताना मला माझी जागाही दिसते. इथं नळाला चोवीस तास पाणी आहे, माझ्या घरात ड्रम नाही, माझी करुणा स्वस्त आहे. ‘मी बौद्ध’ म्हटलं की इथं विचारतात, कुठला शू, म्हणजे पंथ? शिंगोन, जोदो, सोतो? १४ ऑक्टोबर १९५६ हे उत्तर त्यात बसत नाही. आणि तिकडे माझं मत म्हणजे जपानमधल्या शहाण्याचं मत. दोन्हीकडे मी जरा बाहेरच. त्या वाळवीच्या दगडापुढे मात्र मला काही समजावून सांगावं लागत नाही. बावीस प्रतिज्ञांमधली प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा तिथं मराठीतच आठवते.

म्हणून या वर्षावासात विहारात वाचन संपल्यावर वाद घालण्याऐवजी वस्तीतल्या ड्रमांकडे जाता येईल. दोनशे लिटरच्या ड्रमचं तोंड साठ सेंटिमीटरच्या आत असतं. जुन्या सुती कापडाचे मीटरभर चौरस दोन तुकडे एकावर एक घेतले की चारी बाजूंनी लोंबतात. बांधायला सुतळी नको, ती ओली होऊन सैल पडते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घ्या. पाणी काढताना कापड निघतं आणि परत लागत नाही, सगळं तिथंच फसतं. म्हणून ड्रमला खाली तोटी बसवून घ्या.