रंग मारा म्हणे!

"ओल आहे हो वहिनी, पावसाळ्यात सगळ्यांच्याच घरी येते." गेली चार वर्षं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या तोंडून हे एकच वाक्य ऐकतेय. ओल म्हणे! ओल पायपुसण्याला असते. माझ्या बेडरूमच्या छताला जे ताटाएवढं काळं-हिरवं पसरलंय ना, त्याला बुरशी म्हणतात. पावावर एवढीशी दिसली तर अख्खी लादी कचऱ्यात टाकता, आणि माझ्या लेकाच्या उशीच्या बरोब्बर वर आली की "रंग मारून घ्या"?

आम्ही डोंबिवलीत, शेवटच्या मजल्यावर. घर घेताना खूश होतो, डोक्यावर कुणाची आदळआपट नाही म्हणून. आदळआपट नाहीच, पण गच्ची आहे. तिचा चायना मोझॅइक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर, जागोजागी फुटलाय आणि त्या भेगांमधून चार महिने पाणी आमच्या छतात मुरतं. कपाट उघडलं की कुबट भपकारा. नवऱ्याचा लग्नातला कोट, पट्टे, चामडी चपला, सगळ्यांवर पांढरी लव. डांबराच्या गोळ्या टाकून टाकून कपाटाला मुतारीचा वास यायला लागलाय. बुरशी मजेत आहे.

आणि मारला की रंग! दोनदा मारला. पहिल्यांदा आलेल्या पेंटरने पत्रा घेतला आणि कोरडंच खरवडायला लागला, वर पंखा चालू. काळी पूड गादीवर, उशांवर, देवघरातसुद्धा. असं खरवडलं की बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, घरभर उधळले जातात, आधी तो भाग ओला करायचा, खोलीचं दार लावून घ्यायचं, तोंडाला मास्क बांधायचा, हे मला नंतर कळलं. त्या रात्री सासूबाईंना असा दम लागला की दोन वाजता रिक्षा शोधत फिरलो. मग पुट्टी, प्रायमर, बुरशी न धरणाऱ्या महागड्या रंगाचे दोन हात. मे महिन्यात रंग, आषाढात फुगे, श्रावणात पोपडे. एक पोपडा तर सरळ कणकेच्या परातीत. वरून पाणी येतच राहिलं तर रंग बिचारा काय करणार?

लेकाचं वेगळंच. दर जुलैत रात्रीचा खोकला. दोन पावसाळे "व्हायरल आहे" ऐकलं, औषधांच्या बाटल्या संपवल्या. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "मूल झोपतं त्या खोलीत ओल आहे का?" मला तिथेच रडू आलं. बीजाणू श्वासातून आत जातात, नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, ज्याला दमा आहे त्याचा दमा उसळतो. दम्याच्या काही रुग्णांमध्ये तर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी श्वासनलिकांमध्येच ठाण मांडते आणि तिची अ‍ॅलर्जी फुप्फुसांचं कायमचं नुकसान करू शकते. आणि बुरशी मेली तरी अ‍ॅलर्जी करते, म्हणून नुसतं ब्लीच फवारून भागत नाही, ती काढावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल-बुरशीवर अख्खं मार्गदर्शक पुस्तक काढलंय. आमच्या कमिटीला अजून ते 'बायकांचं कुरकुरणं' वाटतं.

(शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही कोविडमधली काळी बुरशी तर नाही ना गं?" नाही हो काकू. ती म्युकर, मुख्यतः साखर हाताबाहेर गेलेल्यांना आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना धरायची. ही वेगळी. पण वेगळी म्हणजे निरुपद्रवी नव्हे!)

इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं पोर डिसेंबर २०२० मध्ये गेलं. घरातल्या बुरशीने. बापाने तक्रार केली तेव्हा त्यालाही हेच सांगितलं होतं, वरून रंग मारा. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. निदान तिथे त्याच्या नावाने कायदा तरी झाला. सरकारी आणि संस्थांच्या भाड्याच्या घरांत गंभीर ओल असल्याची तक्रार आली की दहा कामकाजी दिवसांत तपासणी करायची, जिवाला धोका असेल तर २४ तासांत हालचाल.

आमच्याकडे नियम नाहीत असंही नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमावलीत, स्वच्छ लिहिलंय, गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीने, सोसायटीच्या खर्चाने करायची. झेरॉक्स काढून दिली. त्यावर उत्तर काय? "फंड नाही वहिनी, आणि खालच्या मजल्यांना त्रास नाही ना, ते का पैसे देतील?" वा! उद्या तळमजल्यावर ड्रेनेज तुंबलं की मीही हेच म्हणू का?

फंड नाही, पण गेटवर कमान झाली, कमानीला एलईडी लागले. काल रात्री ग्रुपवर मेसेज आला. गणपतीच्या आधी बिल्डिंगला बाहेरून रंग मारायचा, प्रत्येकी पंधरा हजार, कृपया शेड सुचवा.

मी माझ्या छताचा फोटो टाकला. सतरा जणांनी पाहिलाय. एकाने अंगठा दाखवलाय.