गाडीचे तोंड कसे बंद करावे

नवी गाडी घेतल्याबद्दल अभिनंदन. आता पहिले काम तिला गप्प करण्याचे. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत वेगाचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले आहे. काटा ८० च्या पुढे गेला की ते मिनिटाला एकदा वाजते आणि १२० ओलांडल्यावर थांबायचे नाव घेत नाही. मिनिटाला एकदा होणारा आवाज मनावर घेऊ नये. ताशी १०० च्या वेगाने तेवढ्या मिनिटात आपण दीड किलोमीटरहून अधिक पुढे आलेले असतो आणि गेलेल्या रस्त्याची काळजी करण्यात अर्थ नसतो. अखंड आवाजावर गाण्याचा आवाज वाढवणे हा उतारा आहे.

ट्रक किंवा बसचे मालक असाल, तर स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपुढे वेग जाऊ न देणारे यंत्र, पासिंगच्या दिवसापुरता जोडावा आणि आरटीओच्या फाटकाबाहेर पडताच त्याला विश्रांती द्यावी.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र जरा डोके चालवावे लागते. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा, ही पूर्वापार विद्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधला सरासरी वेग काढणाऱ्या यंत्रणेपुढे लटकी पडली. तरीही १४० ने जाऊन पुढच्या फूड मॉलवर वडापाव खात घड्याळ पाहत बसता येते आणि सरासरी सभ्य होताच निघता येते. घाईत असलेल्या माणसाने वेळ जावा म्हणून थांबावे, यात काही विसंगती वाटत असेल तर आपण अजून मुरलेले चालक नाही.

वेग ८० वरून १२० केला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला सव्वादोन पट अंतर घेते, हे शाळेतले विज्ञान रस्त्यावर आणू नये. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंसमोर सरकारी अहवालाने ‘अतिवेग’ असे कारण लिहिले. पण अहवाल वाचायला वेळ कोणाला आहे?

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करावे लागते. चालकाला ही यंत्रणा बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा जागी होते. हा रोजचा जाच आपल्याकडे आलाच, तर ती कायमची बंद करून देणारा कारागीर गल्लीत मिळेलच. एअरबॅगला मात्र त्याला हात लावू देऊ नका. या सगळ्या बंदोबस्तानंतर गाडीत काम करणारी तेवढीच एक वस्तू उरलेली असेल.