खुलासा : वसतिगृहात उशिरा आल्याने ५ वर्षे प्रवेशबंदी होत नाही

नागपुरातल्या विद्यार्थी-पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘वसतिगृहाचा कोणताही नियम मोडला की थेट पोलीस केस आणि ५ वर्षे कुठेच प्रवेश नाही.’ गोंदिया-गडचिरोलीहून मुलींना इथे शिकायला पाठवलेले पालक त्यामुळे घाबरलेत. मेसेज चुकीचा आहे.

ही ५ वर्षांची अट महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यातली. न्यायालयात रॅगिंग सिद्ध झालं तर २ वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड, संस्थेतून काढणं आणि ५ वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही, असं त्यात लिहिलंय. गेटवर उशिरा येणं, खोलीत हीटर लावणं, न विचारता पाहुणा ठेवणं यांचा त्या कायद्याशी संबंध नाही.

या गोष्टी वसतिगृहाच्या नियमावलीत येतात. वॉर्डन सहसा लेखी उत्तर मागतात, समज किंवा दंड देतात, पालकांना कळवतात. वारंवार घडलं तर खोली जाऊ शकते. पण खोली जाणं आणि कॉलेजचा प्रवेश जाणं या दोन वेगळ्या कारवाया आहेत.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. रॅगिंग आणि उशीर एकाच तागडीत तोलले, तर रॅगिंग सोसणारं पोर ‘उगाच कुणाचं आयुष्य बरबाद नको’ म्हणून गप्प बसेल. त्याने बोललंच पाहिजे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मोफत हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास सुरू असते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.