खरं बोललीस ना, मग तारखेला ये

आज सकाळी एका मैत्रिणीची पोस्ट गायब झालेली दिसली. मुलाचा क्लास मध्येच बंद पडला आणि फी परत मिळत नाही, असं तिने पावतीच्या फोटोसकट लिहिलं होतं. त्या जागी आता दोन ओळी आहेत, 'गैरसमजातून लिहिलं गेलं, संबंधितांची माफी मागते.' फोन केला तर म्हणाली, अब्रुनुकसानीची नोटीस आली, घरचे म्हणतात कशाला नसती भानगड. गैरसमज कसला? पावती आहे ना हातात! तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

कारण हे सगळं मी घरात पाहिलंय. ताबा देऊन वर्षं लोटली तरी बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्याजोगी असल्याचा सरकारी दाखला, आणलेला नाही आणि विचारायला गेलं की उडवाउडवी करतो, एवढंच माझ्या ताईने लिहिलं होतं. शब्द न शब्द खरा, सोसायटीतल्या कोणालाही विचारा. त्याने दिवाणी दावा नाही लावला. थेट बदनामीची फौजदारी तक्रार, तीही दुसऱ्या शहरात. पुकारा झाला तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या माझ्या ताईच्या नावाआधी 'आरोपी' लागलं होतं. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग जातमुचलक्यावर, म्हणजे तारखेला हजर राहण्याच्या हमीवर सही, पुढची तारीख, आणि रात्रीच्या गाडीने परत.

आता कोणीतरी म्हणणारच, खरं बोललात तर घाबरता कशाला? अहो, अब्रुनुकसानीचं कलम वाचा की एकदा. दिवाणी दाव्यात 'हे खरं आहे' एवढा बचाव पुरतो. फौजदारीत पुरत नाही. तिथे ते खरं होतं हेही आरोपीने दाखवायचं आणि ते सांगणं लोकहिताचं होतं हेही. आणि ते दाखवायची पाळी यायची पुरावे सुरू झाल्यावर. तोवर नुसत्या तारखा. बिल्डरच्या बाजूने वकील उभा राहतो, त्याची फी कंपनी भरते. ताईची रजा मात्र ताईचीच जाते.

मूळ कायदा इंग्रजांचा, १८६० च्या दंडसंहितेतला. त्याच्याखालीच टिळक आणि आगरकर कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांच्या बदनामीसाठी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. लिहिताना ज्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली ती बनावट निघाली, हे मान्य. म्हणून छापलेल्या मजकुरापायी माणसाला गजाआड टाकायचं? ज्या इंग्लंडने हे आपल्या गळ्यात मारलं त्यांनी स्वतःकडे २००९ च्या कायद्याने हा गुन्हाच काढून टाकला. श्रीलंकेने तर २००२ मध्येच. आणि आपण? जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणली, बदनामीच्या ४९९ आणि ५०० या कलमांचं ३५६ केलं, आणि दोन वर्षांपर्यंतची कैद जशीच्या तशी ठेवली. सोबत समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय जोडला, एवढाच काय तो बदल. नव्या प्रक्रियेत कोर्टाला तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं, ही सुधारणा बरी आहे. पण ते म्हणणं मांडायलाही कोर्टातच जायचं ना!

सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी आणि केजरीवाल, राजकारणात एकमेकांशी कधी न पटणारी ही माणसं याच कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १३ मे २०१६ ला न्यायालयाने कलम कायम ठेवलं. प्रतिष्ठा हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं.

बरं, प्रतिष्ठा. ताईला नव्हती का ती? स्टाफरूममध्ये ती आत आली की बोलणं थांबायचं. 'कोर्टात केस चालू आहे म्हणे तिच्यावर.' भाचीच्या लग्नाची बोलणी चालू होती, तिथेही हा विषय निघाला. तिची अब्रू गेली त्याची भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची?

कोणा मुलीचा फोटो फिरवून काहीबाही लिहिणारा मोकाट सुटावा, असं मी म्हणत नाही. अशांना वठणीवर आणायला कायदा हवाच. मजकूर काढायला लावा, भरपाई वसूल करा, जाहीर माफी मागायला लावा. पण तुरुंगाची भीती ठेवलीत की ती सगळ्यात आधी खरं बोलणाऱ्या, पैसा नसणाऱ्या माणसालाच बसते. पत्रकार प्रिया रमाणींनी लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्यावर अशीच केस केली. त्या निर्दोष सुटल्या फेब्रुवारी २०२१ मध्ये. अख्ख्या देशाचं लक्ष होतं, तरी एवढा वेळ. ताईकडे कोण बघत होतं?

शेवटी तिने माफीनाम्यावर सही केली. बिल्डरच्या वकिलानेच टाइप करून आणला होता. सही करताना तिने त्यातली शुद्धलेखनाची चूक पेनाने दुरुस्त केली, सवयच तिची. मी तिला कधी बोल लावला नाही, लावणारही नाही. थकली होती ती. तक्रार मागे घेतली गेली, आणि प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. हे मी आज जाहीर लिहितेय आणि बिल्डरचं नाव लिहीत नाहीये, यावरूनच समजा काय ते.

'या कलमाखाली शिक्षा झालेला एक सामान्य माणूस दाखवा,' असं कमेंटमध्ये कोणी लिहिणार असेल तर आधीच सांगते, शिक्षेपर्यंत जायची गरजच पडत नाही. लिफाफ्यावरच काम होतं. 'आमच्या अशिलाची समाजातील प्रतिमा मलिन झाली असून' वाचलं की साध्या माणसाचे हातपाय गार पडतात आणि त्याच रात्री पोस्ट उडते.

म्हणून एक काम करूया. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, हे आधी आपापल्या घरी सांगा. नोटीस आली तर घाबरून काही पुसू नका, पावत्या, ईमेल, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि दुसऱ्या वकिलाला दाखवा. माझ्या यादीत बरेच वकील आहेत. अशी नोटीस फुकट वाचून उत्तराचा मसुदा करून द्यायला जे तयार असतील त्यांनी मला मेसेज करा. मी नावं गोळा करतेय, आणि मैत्रिणीला आलेली नोटीस वाचायला आजच पाठवायची आहे, ती पहिली.