परखड मुंबईकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: बस आणि क्लायमेट प्लॅन

परखड मुंबईकर, तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली दोन ओळींत उत्तर देणार होते पण ते काही दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळंच लिहितेय.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की मुंबई महापालिकेच्या क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये (म्हणजे शहराचं कार्बन उत्सर्जन कमी करायच्या आराखड्यात) सगळ्यात कामाची गोष्ट बसची आहे आणि नेमकी तीच मागे पडतेय. त्यावर यांचं म्हणणं असं की हा प्लॅन म्हणजे परदेशी पाहुण्यांना दाखवायचं पीपीटी आहे, इलेक्ट्रिक बस शेवटी कोळशाच्याच विजेवर धावते, मुंबईच्या उत्सर्जनात विजेचा वाटा ७२ टक्के आणि वाहतुकीचा फक्त २०, मग बसवर एवढं पाल्हाळ कशाला, आणि चीन-अमेरिका धूर सोडतायत तोवर महापालिकेने आपली गटारं साफ करावीत. आणि शेवटी हे वाक्य: "ज्यांनी आयुष्यात कधी स्टॉपवर उभं राहून बसची वाट पाहिली नाही अशी माणसं एसीत बसून बसचं कौतुक लिहितात."

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं वाद घालण्यासारखं आहे, हे नाही.

मी एसीत बसते हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझं नाव बघून ठरवलंत की भाषा बघून? माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, रिटायर होईपर्यंत. पहाटेची ड्युटी असली की आम्ही झोपेत असताना ते निघून जायचे, आणि दुपारी आले की आधी हात धुवायचे, साबण लावून, दोनदा, कारण नाण्यांनी बोटं काळी पडलेली असायची. तिकिटांची ती पत्र्याची पेटी, रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, पंच, चामड्याची पिशवी, हे सगळं मी हाताळलंय. हिशेबात चिल्लर कमी पडली तर ती खिशातून भरावी लागायची आणि त्या दिवशी घरात कुणी जास्त बोलायचं नाही. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं मी बसने केलंय आणि आजही करते. स्टॉपवर उभं राहणं मला शिकवायला येऊ नका, प्लीज.

आणि हे फक्त भावनेपोटी सांगत नाहीये. बाबांना त्यांच्या रूटवरची रोजची माणसं चेहऱ्याने माहीत होती. केईएमला जाणाऱ्या नर्सबाई, टोपली घेऊन चढणारी मासेवाली, प्रेसमधला एक जण जो नेहमी मागच्या दाराशी उभा राहायचा. गाड्यांमधलं अंतर वाढलं की ही माणसं एकेक करून दिसेनाशी व्हायची. आधी शेअर रिक्षा, मग वर्षभरात हप्त्यावर स्कूटर. आणि एकदा स्कूटर आली की तो माणूस बसमध्ये परत येत नाही, तुम्ही बस कितीही चकाचक करा. बाबा हे जेवताना सांगायचे. आज याला मोठे लोक मोडल शिफ्ट म्हणतात आणि त्यावर सेमिनार घेतात. तेव्हा अनुभव नसलेली माणसं लिहितात हा आरोप निदान माझ्यावर तरी करू नका, दुसरा एखादा शोधा.

आता इलेक्ट्रिक बस कोळशावर धावते हा मुद्दा. बरोबर आहे. मान्य. मी तर म्हणते तुम्ही तो अर्धाच मांडलात. बारा मीटरची एसी इलेक्ट्रिक बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास वीज खाते, आणि आपल्या देशाच्या ग्रिडवर (सगळ्या वीजकेंद्रांच्या एकत्र जाळ्यावर) एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोमीटरला ९०० ग्रॅमच्या आसपास. डिझेलची बस लिटरला तीनेक किलोमीटर देते, लिटरमागे २.७ किलो धरा, म्हणजे तेही ९०० ग्रॅमच. बॅटरी घातली म्हणून आज लगेच फार कार्बन वाचत नाही, रस्त्यावरचा धूर मात्र जातो आणि पुढे ग्रिडवर सौर-पवन वाढेल तसा फायदा वाढत जाईल. पण आता त्या ९०० ग्रॅमला पन्नास प्रवाशांनी भागा. माणशी १८ ग्रॅम. आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये लिटरला बारा देणारी पेट्रोलची गाडी एकटा माणूस चालवत असेल तर किलोमीटरला १९० ग्रॅम. दसपट फरक! हा फरक बॅटरीमुळे पडत नाही, माणसं बसमध्ये असल्यामुळे पडतो. म्हणून मी बस किती येतात आणि किती वेळाने येतात यावर लिहिलं. तुम्ही पूर्ण वाचलं असतंत तर हे त्यात होतंच.

आणि इथेच माझा जीव जळतो. एकेकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांवर बस होत्या, आता तीन हजारसुद्धा राहिल्या नाहीत, त्यातल्या बहुतेक कंत्राटी. शेवटची डिझेल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली तेव्हा लोकांनी हार घातले, फोटो काढले, पण तिच्या जागी जेवढी माणसं वाहून न्यायची तेवढ्या गाड्या कुठे आल्या हे कुणी विचारलं नाही. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये केलं तेव्हा प्रवासी झपाट्याने परत आले होते, सगळ्यांनी पाहिलंय. मे २०२५ मध्ये तेच भाडं दहा रुपये झालं, एसीचं सहावरून बारा. दुप्पट. गाड्या कमी आणि भाडं दुप्पट, मग तो माणूस स्कूटर घेणार नाही तर काय करणार?

७२ टक्क्यांचं. आकडा तुम्ही बरोबर दिलात पण तो नुसत्या विजेचा नाही, घरं-दुकानं-ऑफिसं-कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या सगळ्या ऊर्जेचा आहे, स्वयंपाकाचा गॅससुद्धा त्यात येतो. आणि महापालिका वीज बनवत नाही हे खरं, पण बेस्ट १९४७ पासून महापालिकेकडेच आहे आणि कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत वीज बेस्टच पुरवते. शिवाय मुंबईत एकही टॉवर महापालिकेच्या आयओडी (बांधकामाची परवानगी) आणि ओसीशिवाय (राहायला जायचा दाखला) उभा राहत नाही. छतावर सोलर हवं, काचेच्या भिंतींऐवजी सावली हवी, हे सांगायची ताकद त्याच कागदात आहे. यावर स्वतंत्र लिहीन, इथे एवढंच.

पीपीटी म्हणालात. त्या पीपीटीतूनच तुम्ही ७२ आणि २० उचललेत ना? तो प्लॅन येण्याआधी शहराचं वर्षाचं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन आहे हे तुम्ही-आम्ही कुठे वाचलं होतं? डब्ल्यूआरआय इंडिया ही संशोधन संस्था आणि सी-४० हा जगातल्या मोठ्या शहरांचा गट यांची मदत घेऊन बसून हिशेब केला म्हणून ते कळलं. २०५० पर्यंत नेट झिरो (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेणं), म्हणजे देशाच्या २०७० च्या उद्दिष्टाच्या वीस वर्षं आधी, २०३० पर्यंत ३० टक्के घट, हे लेखी आहे म्हणून तर आज जाब विचारता येतो. मला त्या प्लॅनचा राग वेगळ्या कारणाने येतो. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि प्लॅन १३ मार्चला आला. म्हणजे ज्या सभागृहात त्यावर दर महिन्याला आरडाओरडा व्हायला हवा होता ते सभागृहच नव्हतं. पुढची कित्येक वर्षं सगळं प्रशासकाच्या सहीने. २०२४ मध्ये महापालिकेने क्लायमेट बजेटही (हवामानाच्या कामांवर किती खर्च ते दाखवणारं) काढलं, चांगलंच केलं, पण त्याच वर्षी मार्चमध्ये जवळपास १४ हजार कोटींच्या कोस्टल रोडचा पहिला टप्पा खुला झाला, आणि त्यावर स्कूटर-रिक्षाला बंदी, बसला वेगळी लेन नाही, मोटारींना मात्र मोकळं रान. हा पैसा त्याच महापालिकेचा आहे जिच्या बेस्टला बस घ्यायला पैसे नाहीत. तुम्हाला रागवायचंच असेल तर इथे रागवा, मी तुमच्या बाजूला उभी राहीन.

चीन-अमेरिकेचं मी सोडून देते. प्रत्येक पोस्टखाली कुणीतरी ते लिहितंच, आणि लिहिणाऱ्याला उत्तर नको असतं.

गटारांबद्दल मात्र एक. गटार आणि कार्बन ही दोन वेगळी खाती आहेत असं तुम्ही गृहीत धरलंय. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं होतं, धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा डोंगरावर कुजतो, त्यातून मिथेन (हवा तापवणारा, पेट घेणारा वायू) निघतो, तो पेटतो. तोच मिथेन त्या प्लॅनमधल्या कचऱ्याच्या ८ टक्क्यांत आहे. घरातला ओला कचरा तिथवर न जाऊ देणं म्हणजे साफसफाई आणि उत्सर्जन कपात दोन्ही, एकाच कामगाराच्या हातून.

तुमच्या एका सूचनेशी मी सहमत आहे, मागच्या पोस्टमधला तक्ता मोबाइलवर नीट दिसत नाही. बदलून टाकते.

बाकी, तुम्ही टोपणनावाने लिहिता, मी स्वतःच्या नावाने लिहिते, तेव्हा कुणी काय सोसलंय याचा अंदाज बांधताना जरा जपून. आकड्यांवर भांडायचं असेल तर खुशाल या. १८ ग्रॅम चुकीचे वाटत असतील तर बसमध्ये पन्नासऐवजी वीस माणसं धरा, ४५ ग्रॅम येतील, तरी गाडीच्या चौथ्या हिश्श्याच्या आत. यात कुठे चूक सापडली तर कमेंटमध्ये लिहा, मी उत्तर देईन. माझ्या एसीबद्दल लिहिलंत तर ती कमेंट उडवणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.